बदलीची तयारी आहे का?

४ ऑक्टोबर २०२५ रोजी टोकियोत लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदी सानाए ताकाइची निवडून आल्या. पक्षाच्या खासदारांसमोर बोलताना त्यांनी जाहीर केलं, की काम आणि खासगी आयुष्य यांचा समतोल हा शब्दच आपण आपल्यापुरता टाकून देत आहोत. मग 'काम करीन' हे त्यांनी लागोपाठ पाच वेळा म्हटलं. त्याच महिन्यात त्या जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. अतिकामाने मेलेल्या माणसांच्या कुटुंबीयांची बाजू लढवणाऱ्या वकिलांनी या वाक्यावर आक्षेप घेतला, आणि डिसेंबरात तेच वाक्य जपानमध्ये वर्षातला सर्वांत गाजलेला शब्दप्रयोग म्हणून निवडलं गेलं.

बाई सर्वोच्च पदावर पोचली. पण तिथे उभं राहून ती जे बोलली, ती जपानी पुरुष नोकरदाराची पन्नास वर्षांपूर्वीची भाषा होती. जपान, कोरिया, चीन आणि तैवान इथल्या कचेऱ्यांमध्ये स्त्रिया आणि पुरुष कामाकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात का, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञ गेली कित्येक दशकं विचारत आले आहेत. पगार, कायम नोकरी, बढती, चांगले सहकारी, घरासाठी वेळ, मनासारखं काम: यांपैकी तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं, असं विचारायचं आणि उत्तरांवरून त्या समाजाची 'कामाविषयीची मूल्यं' ठरवायची, अशी ही पद्धत.

या अभ्यासांचं मूळपीठ म्हणजे डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड. आयबीएम कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या त्यांनी चाळल्या आणि १९८० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मापांपैकी एकाला त्यांनी 'पुरुषीपणा' असं नाव दिलं. स्पर्धा, यश, कमाई यांना मान देणारा समाज एका टोकाला. सहकार्य, नाती, सुखाचं जगणं यांना मान देणारा दुसऱ्या टोकाला. या मापावर जपानला ९५ गुण मिळाले, मूळ यादीतले सर्वांत जास्त. तैवानला ४५ आणि दक्षिण कोरियाला अवघे ३९. चीन त्या पाहणीत नव्हताच. त्याचा ६६ हा आकडा नंतर अंदाजाने जोडला गेला.

इथेच वाचकाने थबकायला हवं. कन्फ्यूशियसची शिकवण, वडीलधाऱ्यांचा मान, घराण्याचा अभिमान, परीक्षेचं वेड हे सगळं या देशांत सारखंच, म्हणून आपण त्यांना सर्रास एका दावणीला बांधतो. मग एकाच शिकवणीतून ९५ आणि ३९ कसे निघाले? शिवाय ३९ गुणांच्या या 'मृदू' कोरियात स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत २०२२ मध्ये सुमारे ३१ टक्के होती, श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेत सर्वांत मोठी. ९५ गुणांच्या जपानमध्ये ती तेव्हा २१-२२ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे लोक प्रश्नावलीत काय लिहितात यावरून त्यांच्या कचेरीत बाईचं काय होतं हे कळत नाही. ते पाहायचं तर कायदे, नियम आणि कचेऱ्यांचे रिवाज उघडून बघावे लागतात.

जपानसाठी त्यातलं सर्वांत बोलकं साल आहे १९८६.

त्या वर्षी १ एप्रिलला जपानचा समान रोजगार संधी कायदा अमलात आला. त्याआधीची स्थिती आज वाचताना अंगावर येते. लग्न झालं की राजीनामा, अशी अट मुलींकडून लिहून घेतली जाई. १९६६ मध्ये एका सिमेंट कंपनीच्या खटल्यात टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ही अट बेकायदा ठरवली. स्त्रियांना पुरुषांपेक्षा पाच वर्षं आधी निवृत्त करण्याचा एका मोटार कंपनीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केला. नवा कायदा या सगळ्याच्या पुढचं पाऊल होता. मात्र भरती आणि बढतीतला भेदभाव टाळायचा 'प्रयत्न करा' एवढंच तो कंपन्यांना सांगत होता. सक्तीची बंदी यायला १९९९ साल उजाडलं.

कंपन्यांनी वाट शोधून काढली. मोठ्या कंपन्यांत दोन रांगा झाल्या. एक 'सोगोशोकू', म्हणजे बढत्या घेत वरपर्यंत जाणारी. दुसरी 'इप्पानशोकू', म्हणजे टायपिंग, फाइली, पाहुण्यांना चहा, गणवेश आणि जिथल्या तिथे थांबलेला पगार. कागदावर दोन्ही रांगा सर्वांना खुल्या होत्या. पहिल्या रांगेत उभं राहणाऱ्याला एकच अट: कंपनी सांगेल तेव्हा, सांगेल त्या गावी बदलीवर जायचं. बाई असो वा पुरुष, प्रश्न एकच. बदलीची तयारी आहे का?

त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची धार दाखवून दिली. रंग बनवणाऱ्या एका कंपनीने कोबेत विक्रीचं काम पाहणाऱ्या आपल्या माणसाला नागोयाला जायला सांगितलं होतं. त्याच्या घरी म्हातारी आई, नोकरी करणारी बायको आणि दोन वर्षांची मुलगी होती. त्याने नकार दिला, कंपनीने त्याला काढलं, तो कोर्टात गेला. खालच्या न्यायालयांनी त्याची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली. बदलीने होणारी ओढाताण ही नोकरदाराने सर्वसाधारणपणे सोसायचीच असते, असा त्या निकालाचा आशय. कुटुंब मागे ठेवून परगावी एकट्याने खोली करून राहणारा बाप जपानमध्ये इतका नेहमीचा आहे, की त्याच्यासाठी 'तानशिन फुनिन' असा खास शब्द रूढ आहे.

आणि तिसरी गोष्ट. समान संधीचा कायदा ज्या दिवशी लागू झाला, त्याच दिवशी निवृत्तिवेतनाची नवी रचनाही लागू झाली. पगारदाराच्या बायकोचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर एक येनही न भरता तिला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळणार होता. ही मर्यादा पुढे वर्षाला १३ लाख येन झाली. प्राप्तिकरासाठी १०.३ लाख येनची आणखी एक रेघ अनेक वर्षं होती. या रेघांना जपानी लोक 'भिंत' म्हणतात. वर्षअखेरीस सुपरमार्केटमध्ये गर्दी उसळते, दुकानाला माणसं हवी असतात, आणि नेमक्या तेव्हाच अर्धवेळ काम करणाऱ्या कित्येक बायका पाळ्या कमी करून मागतात, कारण भिंत ओलांडली तर हातात येणारी रक्कम घटते.

आता या बाईला कुणी प्रश्नावली दिली आणि विचारलं, की तुम्हाला बढती महत्त्वाची की सोयीच्या वेळा? ती 'सोयीच्या वेळा' लिहील. तिच्या नवऱ्याला विचारलं, तर तो 'कंपनीशी निष्ठा' लिहील. संशोधक तक्ता मांडेल, की जपानी स्त्रियांना घर प्रिय आणि पुरुषांना काम. उत्तरं दोघांची खरीच आहेत. पण त्या उत्तरांच्या आधी सरकार, न्यायालय आणि कंपनी यांनी मिळून त्यांच्यापुढे कोणता हिशेब ठेवला होता, ते तक्त्यात उतरत नाही. बदली नको म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेतली बढती नाकारून त्याच शाखेत निवृत्त झालेली बाई मराठी वाचकांपैकी अनेकांच्या घरात असेल. तिला बढती आवडत नव्हती, असं कोण म्हणेल?

हा हिशेब किती बारकाईने मांडलेला असतो, ते जपानी नोकरीच्या अर्जात दिसतं. 'रिरेकिशो' नावाचा हा छापील अर्ज कित्येक पिढ्यांनी काळ्या शाईने, एकही खाडाखोड न करता हाताने भरला. उजव्या कोपऱ्यात छोटा फोटो, नावाशेजारी 'पुरुष/स्त्री' यांपैकी एकावर गोल. खाली रकाने: घरून कचेरीत यायला लागणारा वेळ, जोडीदार आहे की नाही, जोडीदाराला पोसण्याची जबाबदारी आहे की नाही, अवलंबून असलेली माणसं किती. कामातलं कौशल्य काय, हे विचारण्याआधी हा कागद उमेदवाराचं अख्खं घर बघून घेत असे. २०२१ मध्ये जपानच्या श्रम मंत्रालयाने नवा नमुना काढला, तेव्हा हे चार रकाने गेले आणि स्त्री की पुरुष हे सांगणं ऐच्छिक झालं.

अर्जातून रकाने गेले तरी मनातली आकडेमोड लगेच जात नाही. २०१८ मध्ये उघड झालं, की टोकियोतल्या एका नामवंत वैद्यकीय विद्यापीठात प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण वर्षानुवर्षं कमी केले जात होते. बायका डॉक्टर होतात आणि बाळंतपणानंतर सोडून जातात, हे त्यामागचं कारण बातम्यांतून पुढे आलं. पुढच्या वर्षी गुणांना हात न लावता परीक्षा झाली, तेव्हा मुलींच्या यशाचं प्रमाण मुलांपेक्षा किंचित जास्तच निघालं.

या व्यवस्थेची किंमत पुरुषांनी जिवाने मोजली, हेही तितकंच खरं. अतिकामाने येणाऱ्या मरणाला जपानीत 'कारोशी' म्हणतात. आणि स्त्रिया पहिल्या रांगेत आल्या, तशी ही किंमत त्यांच्याही वाट्याला आली. २०१५ च्या नाताळात एका बड्या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या तरुणीने आत्महत्या केली. एका महिन्यात शंभराहून जास्त तासांचा ओव्हरटाइम तिच्या नावावर होता. देश हादरला. कंपनीला दंड झाला तो फक्त ५ लाख येन. २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना ओव्हरटाइमवर कायद्याने कमाल मर्यादा आली, तीही अशी, की अडचणीच्या महिन्यात जवळजवळ शंभर तासांपर्यंत काम करून घेता येतं.

कोरियात निष्ठेची परीक्षा कचेरीत कमी आणि जेवणाच्या टेबलावर जास्त होते. 'ह्वेशिक' म्हणजे कामानंतर सगळ्या विभागाने मिळून करायचं जेवण. साहेबाचा पेला रिकामा दिसला की धाकट्याने दोन्ही हातांनी सोजू ही दारू ओतायची, स्वतः पिताना तोंड बाजूला वळवायचं. पहिला मुक्काम भाजलेल्या मांसाचा, दुसरा बिअरचा, तिसरा गाण्याचा. कुणाचं कुणाशी जमतं, कोण विश्वासाचा, हे तिथे ठरतं, आणि घरी लहान मूल असलेली बाई पहिल्या मुक्कामानंतर उठते. २००७ मध्ये सोलच्या उच्च न्यायालयाने एका कर्मचारी स्त्रीच्या बाजूने निकाल देताना हाताखालच्या माणसाला दारू प्यायला भाग पाडणं बेकायदा ठरवलं. रिवाज त्यानंतर सैल झाला खरा, पण खूप हळू.

कोरियन मनावरचा खोल ओरखडा मात्र १९९७ च्या आर्थिक संकटाचा आहे. नोकरकपातीच्या त्या लाटेत राष्ट्रीय कृषी सहकारी महासंघाने एकाच संस्थेत काम करणाऱ्या नवरा-बायकोंपैकी एकाने जावं असा लकडा लावला. अशी ७६२ जोडपी होती. बायकोने राजीनामा दिला नाही, तर नवऱ्यावर संक्रांत येईल, हा संदेश सगळ्यांना कळला. राजीनामे देणाऱ्यांत ६८८ बायका होत्या. कागदोपत्री सगळे राजीनामे 'स्वेच्छेचे'.

१९९९ साली कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने दुसऱ्या बाजूला दुखावणारा निकाल दिला. सक्तीची लष्करी सेवा केलेल्या तरुणांना सरकारी भरती परीक्षेत ३ ते ५ टक्के वाढीव गुण मिळत; स्त्रिया आणि अपंग यांच्यावर अन्याय होतो म्हणून न्यायालयाने ते रद्द केले. निकाल योग्य होता. पण ऐन उमेदीतली दोन वर्षं देशाला दिली आणि बदल्यात काहीच नाही, ही तरुणांची तक्रारही खोटी म्हणता येत नाही. तिचं पुढे काय झालं, ते २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दिसलं. मतदानोत्तर पाहणीत विशीतल्या पुरुषांपैकी सुमारे ५८ टक्के एका उमेदवाराकडे, आणि विशीतल्या स्त्रियांपैकी सुमारे ५८ टक्के त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे. चो नाम-जू यांची 'किम जी-यंग, जन्म १९८२' ही कादंबरी २०१६ मध्ये आली. मुलासाठी नोकरी सोडलेल्या एका साध्या बाईची ही कथा दहा लाखांहून अधिक खपली, आणि ती वाचल्याचं सांगणाऱ्या नट्यांवर पुरुष तुटून पडले.

एका गोष्टीवर मात्र कोरियन मुलं-मुली एकत्र उभी राहिली. २०१८ मध्ये आठवड्याची कमाल मर्यादा ६८ तासांवरून ५२ वर आणली गेली होती. २०२३ मध्ये सरकारने ती गरजेनुसार ६९ पर्यंत ताणायचा प्रस्ताव आणला, आणि तरुणांचा विरोध पाहून गुंडाळला.

चीनचं गणित या दोघांपेक्षा निराळं. क्रांतीनंतर बाईने कारखान्यात जाणं हे राष्ट्रकार्य ठरलं. कामाच्या जागीच घर, दवाखाना, पाळणाघर मिळे. १९९० च्या सुमारास चीनमधल्या दर चार प्रौढ स्त्रियांपैकी जवळपास तीन कामावर होत्या. त्याच व्यवस्थेने १९५० च्या दशकापासून स्त्री कामगारांना ५० व्या वर्षी, कचेरीतल्या स्त्रियांना ५५ व्या आणि पुरुषांना ६० व्या वर्षी निवृत्त केलं. या नियमाचा एक परिणाम सहसा कुणी मोजत नाही: पन्नाशीत मोकळी झालेली आजी नातवंडं सांभाळी, म्हणून तिची मुलगी किंवा सून कामावर जाऊ शके. १ जानेवारी २०२५ पासून ही वयं पंधरा वर्षांत हळूहळू ५५, ५८ आणि ६३ वर नेली जात आहेत. आजी कामावर राहिली तर बाळ कोणाकडे, हा प्रश्न आज शांघायमधल्या घरांना पडतो आहे.

नव्वदच्या दशकात सरकारी कारखाने बंद पडले आणि स्त्रियांना आधी घरी बसवलं गेलं. पण ज्यांनी त्या उलथापालथीत धंद्यात उडी घेतली, त्यांनी इतिहास घडवला. हूनान प्रांतातली चोऊ छुनफेइ किशोरवयात शाळा सोडून शेनझेनला कारखान्यात लागली, आणि पुढे मोबाइलच्या काचा बनवणाऱ्या लेन्स टेक्नॉलॉजीची मालकीण होऊन चीनमधल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांत जाऊन बसली. स्वकष्टाने अब्जाधीश झालेल्या स्त्रिया जगात सर्वांत जास्त चीनमध्ये आहेत. दुसरीकडे नोकरीच्या मुलाखतीत लग्न आणि मुलांबद्दल विचारणं इतकं बोकाळलं, की २०१९ मध्ये नऊ सरकारी खात्यांना मिळून त्याविरुद्ध आदेश काढावा लागला. त्याच वर्षी संगणक अभियंत्यांनी सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस या '९९६' पद्धतीविरुद्ध आवाज उठवला. अलीबाबाच्या जॅक मा यांनी असं काम करायला मिळणं हे भाग्य म्हटलं. २०२१ मध्ये सर्वोच्च लोकन्यायालयाने ते बेकायदा म्हटलं. ही पद्धत बाईला कायदा न मोडता बाहेर ठेवते. रात्री नऊला सुटणारी आई मुलाला कधी भेटणार?

तैवान मात्र या सगळ्या चर्चेत अपवाद ठरतो. १९८७ मध्ये तैपेईच्या सन यत-सेन स्मारक सभागृहातल्या ५७ स्त्री कर्मचाऱ्यांनी आवाज उठवला: तिशी गाठली किंवा दिवस गेले की नोकरी सोडायची, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. त्यातून सुरू झालेली चळवळ २००२ च्या ८ मार्चला समानतेच्या कायद्यापर्यंत पोचली. पण समाजशास्त्रज्ञ मेरी ब्रिंटन यांनी दाखवून दिलेली गोष्ट कायद्यापेक्षा जुनी आहे. जपान आणि कोरियात स्त्रियांच्या नोकरीचा आलेख विशीत चढायचा, मूल झालं की खाली यायचा, चाळिशीत पुन्हा वर जायचा. तैवानमध्ये तो तसा कोसळला नाही. तिथली अर्थव्यवस्था छोट्या, बऱ्याचदा घरच्याच उद्योगांवर उभी होती. कामाची जागा घराजवळ, बदलीचा प्रश्न नाही, आणि मूल सांभाळायला आजी-आजोबा हाकेच्या अंतरावर. कन्फ्यूशियस तोच, कंपनीचा आकार वेगळा.

पूर्व आशियाई कामगारांचा 'स्वभाव' सांगणारे लेख आणि प्रशिक्षणवर्ग महाराष्ट्रातही कमी नाहीत, कारण संबंध आता रोजचा आहे. रांजणगावात कोरियाची एलजी आणि चीनची हायर, चाकणला जपानची ब्रिजस्टोन, तळेगावला ह्युंदाई. त्या वर्गांत जपानी माणूस असा आणि कोरियन बाई तशी, हे पढवलं जातं, तेव्हा एक साधी विचारणा करावी: त्या माणसाची बदली कोण ठरवतं, आणि त्याचं मूल संध्याकाळी कोणाकडे असतं?

जपानमध्ये २०१२ साली बालसंगोपनाची रजा घेणारे बाप शंभरात दोनही नव्हते. पुरुषांना ती रजा घेण्याची इच्छाच नाही, असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. एप्रिल २०२२ पासून कायदा बदलला: घरी मूल होणार आहे असं कळवणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कंपनीने स्वतःहून रजेची माहिती द्यायची आणि ती घेणार का, हे विचारायचं. पुढच्याच वर्षी मोठ्या कंपन्यांना रजेचं प्रमाण जाहीर करणं सक्तीचं झालं. २०२३ मध्ये हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं आणि २०२४ मध्ये ४०.५ टक्क्यांवर. एवढ्या थोड्या वर्षांत पुरुषांची मूल्यं बदलली, असं मानण्यापेक्षा कचेरीने त्यांना पहिल्यांदाच नीट विचारलं, असं मानणं अधिक प्रामाणिक ठरेल. कोरियातही २०२४ मध्ये अशी रजा घेणाऱ्यांत पुरुषांचा वाटा पहिल्यांदाच ३० टक्क्यांच्या वर गेला. जपानमधल्या बहुतेक बापांची रजा अजून काही आठवड्यांतच संपते. आयांची मात्र वर्षभराच्या आसपास चालते.